पाडव्याची ओवाळणी आणि कार्यकर्त्याचा खिसा

गेल्या दिवाळीच्या आठ दिवस आधी आमच्याकडे एक तरुण कार्यकर्ता आला होता. येवला-निफाडच्या बाजूला तो शेतमजुरांत काम करतो. संघटना जे मानधन देते त्यात त्याच्या मोटारसायकलचे पेट्रोलही धड भागत नाही. लग्न तीन वर्षांपूर्वी नोंदणी पद्धतीने झाले, मुलगी दीड वर्षाची आहे आणि पत्नी एका खाजगी बालवाडीत शिकवते. मजुरीचे दर, कांद्याचे भाव, पक्षाच्या जिल्हा शाखेतील नेहमीचे रुसवेफुगवे असे सगळे विषय झाले. चहा झाला. निघताना तो उंबऱ्यापाशी घुटमळला आणि एरवी सभेत न अडखळणारा हा गडी जरा अडखळतच म्हणाला, "दादा, पाचशे रुपये बाजूला काढलेत. पाडव्याला हिला काय द्यावं? भारी काही जमायचं नाही. पण विचार करून दिलंय असं तिला वाटलं पाहिजे."

अभ्यासशिबिरांतून मी चाळीस वर्षे तरुणांच्या शंकांना उत्तरे देत आलो आहे. वरकड मूल्यापासून मंडल आयोगापर्यंत कोणत्याही प्रश्नावर मला सहसा शब्द शोधावे लागत नाहीत. या प्रश्नावर मात्र मी "साडी बघ एखादी सुती, नाहीतर पुस्तक घे" असे काहीतरी पुटपुटलो. एवढ्यात आतून आवाज आला, "त्याला आधी हे विचारा, की पाचशे रुपये कुणाचे?"

आवाज बाईंचा होता. बाई म्हणजे माझी पत्नी. छत्तीस वर्षे त्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवले. सगळे गाव त्यांना बाई म्हणते, आणि केव्हापासून ते आठवत नाही पण मीही बाईच म्हणतो. तो पोरगा हसला, मीही हसलो. परंतु हा प्रश्न विनोदाने विचारलेला नव्हता हे त्याला नसले तरी मला कळत होते. पाचशे रुपयांत काय येते याची चर्चा कोणताही दुकानदार करील. ते पाचशे रुपये कोणाच्या श्रमाचे, ही चर्चा आपण करायला हवी होती, आणि ती आपण आपल्या घरात कधी केली नाही.

माझ्या पिढीतील पुष्कळ कार्यकर्त्यांनी पाडव्याचे ओवाळणे बंद केले. पत्नीने निरांजन घेऊन नवऱ्यापुढे उभे राहावे आणि त्याने ताटात काही टाकावे, यात स्वामी आणि आश्रित असे नाते आहे, असे आम्ही म्हणत होतो. आजही त्यात चूक काढता येणार नाही. तथापि आमच्या घरी काय झाले ते सांगितले पाहिजे. ओवाळणे बंद झाले. पहाटे उठून पाणी तापवणे, उटणे कालवणे, फराळाची ताटे आल्यागेल्यापुढे ठेवणे बंद झाले नाही. ताटातील ओवाळणी तेवढी गेली. रूढीचा जो भाग माझ्या खिशाला तोशीस लावत होता तो मी तत्त्व म्हणून सोडला, आणि जो भाग बाईंच्या पाठीला तोशीस लावत होता तो परंपरा म्हणून चालू राहिला. भेटवस्तू देणे म्हणजे चंगळवाद, बाजारू प्रेम, असे मी शिबिरांत मोठ्या आवेशाने सांगत असे. श्रोत्यांतल्या बायका तेव्हा गप्प बसत. ती संमती आहे असे मी धरून चाललो होतो.

गांधीजींच्या आत्मकथेत एक प्रसंग आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी तो वाचलेला असतो, पण एकाच बाजूने. १९०१ साली ते दक्षिण आफ्रिका सोडून हिंदुस्थानात यायला निघाले तेव्हा नाताळच्या लोकांनी त्यांच्यावर भेटींचा वर्षाव केला. सोन्याचांदीच्या आणि हिऱ्यांच्या वस्तू होत्या, आणि त्यांत कस्तुरबांसाठी पन्नास गिनी किमतीचा एक सोन्याचा हार होता. सार्वजनिक कामाचे मोल घ्यावे कसे, या विचाराने गांधीजींना रात्रभर झोप लागली नाही. शेवटी सर्व ऐवज विश्वस्तांकडे सोपवून समाजाच्या कामी लावायचा असे त्यांनी ठरवले. मुलांना त्यांनी आधीच आपल्या बाजूला वळवून घेतले. कस्तुरबा मात्र वळल्या नाहीत. सुनांसाठी दागिने लागतील, हे त्यांचे म्हणणे आपल्याला ठाऊक असते आणि आपण त्यावर थोडे हसतो. त्यांचा खरा मुद्दा पुढचा होता. तुम्ही केलेली सेवा ती माझीही सेवा आहे. रात्रंदिवस मी तुमच्यासाठी राबले, तुम्ही वाटेल त्याला घरी आणून ठेवलेत आणि त्यांची उस्तवार मी केली, ती सेवा नव्हे काय, असे त्या विचारत होत्या. हे घाव वर्मी लागले असे गांधीजींनी प्रांजळपणे लिहून ठेवले आहे. तरीही हार गेलाच, आणि आपण केले ते योग्यच होते असे त्यांचे मत अखेरपर्यंत राहिले.

गांधीजींचा निर्णय चुकला असे मला म्हणायचे नाही. सार्वजनिक कार्यकर्त्याने सोन्याच्या भेटी घेऊ नयेत. परंतु तो हार कस्तुरबांना दिलेला होता, आणि त्याग करण्याचा मान गांधीजींकडे गेला. आपल्या चळवळीत या प्रसंगाच्या किती लहान लहान आवृत्त्या निघाल्या असतील!

एक माझ्याच घरची सांगतो. १९८६ साली शेतमजुरांच्या एका मोर्चात आमच्या सात माणसांना अटक झाली. जामिनासाठी, वकिलासाठी आणि घरी बसलेल्या बायकामुलांच्या दाण्यागोट्यासाठी पैसा उभा करायचा होता. बाईंनी माहेरच्या दोन पाटल्या काढून दिल्या. मी त्या गहाण टाकल्या, त्या सुटल्या नाहीत. पुढे माझ्या एकसष्टीला मित्रांनी सत्कार केला. चार वक्त्यांनी माझ्या त्यागाविषयी बोलताना गळे भरून आणले. एकाने तर, यांनी चळवळीसाठी घरातले सोनेदेखील मोडले, असे सांगितले. मी व्यासपीठावर बसून होतो. बाई तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. उठून "सोने त्यांचे होते" एवढे तीन शब्द उच्चारण्याचे मला सुचले नाही, असे लिहिले तर ते खोटे होईल. सुचले होते. समारंभाचा रंग बिघडेल म्हणून मी बोललो नाही.

ज्या वर्षांत मी पाडव्याची भेट दिली त्यांपैकी एका वर्षाची हकीकत याहून खालची आहे. प्राथमिक शिक्षकांच्या पतपेढीचा लाभांश दिवाळीच्या तोंडावर येतो. बाई तो कपाटातल्या डब्यात ठेवत असत. त्या डब्यातून पैसे घेऊन मी नाशिकहून एक इरकली साडी आणली आणि पाडव्याच्या सकाळी मोठ्या कौतुकाने त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती नेसली. शेजारच्या बायकांना "ह्यांनी आणली" असे सांगितले. पैसे डब्यातले होते हे त्यांना माहीत असलेच पाहिजे, कारण डब्यात किती आहे हे त्या घरात एकट्या त्यांनाच माहीत असे. त्यांनी तो विषय काढला तो तब्बल पंधरा वर्षांनी, आणि तोही रागाने नव्हे. जुने कपडे आवरताना ती साडी हाती लागली आणि त्या म्हणाल्या, "ही मी तुमच्या हातून घेतलेली."

आता तरुण मंडळी हसतील आणि म्हणतील, दादा, तुमचा काळ गेला. खरोखर गेला काय? मोबाइल हप्त्यावर मिळतो, सोन्याची चेन हप्त्यावर मिळते, दिवाळीच्या महिन्यात तर हप्त्यावर मिळत नाही अशी वस्तूच दुकानात दिसत नाही. आमच्या एका सहकाऱ्याने लग्नाच्या वाढदिवसाला बायकोला महागडा मोबाइल दिला, त्याची छायाचित्रे सगळ्यांना पाठवली. चौथ्या महिन्यापासून हप्ते तिने बचतगटातून उचललेल्या कर्जातून जाऊ लागले. त्या कर्जाचे व्याज धरले तर त्या बाईने बाजारभावाहून अधिक किंमत देऊन स्वतःलाच भेट दिली, आणि वर आभारही मानले. माझी साडी आणि त्याचा मोबाइल यांत फरक असलाच तर व्याजाचा.

सोन्याचे तर बोलायलाच नको. २०२५ साली तोळ्याचा भाव एक लाखाच्या पुढे गेला. त्याच वर्षी, म्हणजे २०२५-२६ मध्ये, महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरलेली होती. म्हणजे तोळाभर सोन्यासाठी मजुराने तीनशेवीस दिवस खपायचे. आणि हमी वर्षाला शंभर दिवसांची, म्हणजे तीन वर्षांची सगळी हमी एका तोळ्यात जायची. असा माणूस बायकोसाठी सोने घेऊ शकत नाही. तो घेतो तेव्हा कुठून घेतो हे आपण वर पाहिले.

सरकारलाही अलीकडे ही रीत आवडू लागली आहे. २०२४ साली लाडक्या बहिणींच्या खात्यांत महिना दीड हजार रुपये जमा होऊ लागले आणि पुढाऱ्यांनी त्याला भाऊबीजेची ओवाळणी म्हटले. रक्कम गरजू बाईच्या हाती पडली याचा आनंदच आहे, तिच्यावर टीका करणाऱ्यांत मी नाही. परंतु तेल, साबण, काडेपेटी घेताना त्याच बाया जो कर भरतात त्यातली रक्कम त्यांना परत देताना ओवाळणी हा शब्द वापरायला पुढाऱ्यांची जीभ कशी वळते? पतपेढीच्या डब्यात हात घालणारा मी, मला हे विचारण्याचा अधिकार कितपत आहे कोण जाणे. तरी विचारतो.

येवल्यात माझा एक विणकर मित्र आहे. घरात माग आहे, त्यावर पैठणी चढलेली असते. पैठणीचा पदर यंत्राच्या नक्षीवर निघत नाही. प्रत्येक रंगाची कांडी वेगळी, ती हाताने फिरवायची, मोराचा एक पिसारा भरायला दिवस जातात आणि पदर उलटसुलट सारखाच दिसला पाहिजे. अख्ख्या लुगड्याला महिनेच्या महिने लागतात. माग नवरा चालवतो, परंतु रेशीम उकलणे, कांड्या भरणे, तुटलेले ताणे सांधणे हे काम त्याची बायको करते. तिच्या कामाची मजुरी वेगळी धरलेली नसते. तिने स्वतः आयुष्यात पैठणी नेसलेली नाही. दुकानांतून सेमी पैठणी या नावाने जे यंत्रमागाचे कापड हजार-दीड हजाराला विकले जाते ते पाहून तो चिडतो, आणि चिडण्याचे कारण उघड आहे: त्या स्वस्ताईने त्याचा माग बसत चालला आहे. पाचशे-हजारांत दिमाखदार भेट घेऊ पाहणाऱ्याने ती स्वस्ताई कोणाच्या पोटातून निघाली एवढे तरी पाहून घ्यावे.

याच मित्राने लग्नाला पंचवीस वर्षे झाली तेव्हा बायकोला काय दिले ते ऐकण्यासारखे आहे. रेशीम व्यापाऱ्याचे, वजनावर घेतलेले. उरले तर परत करायचे अशी बोली. त्याने थोडेसे रेशीम रोख पैसे मोजून घेतले आणि रात्री दिवसाचे काम उरकल्यावर जागून हातभर काठ विणला, आसावलीच्या वेलीचा. तिच्या नेहमीच्या सुती चोळीच्या दोन्ही बाह्यांना तो पुरला. त्या रात्रींच्या कांड्याही त्याने स्वतःच भरल्या. तिने भरून देऊ का म्हणून विचारले तेव्हा नको म्हणाला, आणि कशासाठी विणतो आहे ते सांगितले नाही. हे सांगताना तो मला म्हणाला, "कांड्या भरायला किती वेळ लागतो ते मला तेव्हा कळलं."

खिसा रिकामा असलेल्या माणसाकडे स्वतःचे म्हणावे असे काय असते? एक, वेळ. तो आपल्याकडे नाही असे आपण सदैव सांगत असतो. भारत सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत सहा वर्षांवरील ज्या स्त्रिया घरकाम करतात त्यांचा दिवसाचा सरासरी वेळ २९९ मिनिटे भरला, म्हणजे एक मिनिट कमी पाच तास. पुरुषांचा ९७ मिनिटे. आणि हे ९७ मिनिटेवाले पुरुष शंभरांत जेमतेम सव्वीस होते. बाकीचे या हिशेबात आलेच नाहीत. आपल्या मासिक बैठका घड्याळाच्या तीन तास पुढे रेंगाळतात, तेव्हा ते तीन तास कुणाच्या घड्याळातून येतात, हे या आकड्यांवरून उमगावे.

न्यायमूर्ती रानड्यांनी रमाबाईंना वाचायला शिकवले ही गोष्ट सर्वांना पाठ आहे. १८७३ साली लग्न झाले तेव्हा रमाबाई अकरा वर्षांच्या होत्या. न्यायाधीशाची नोकरी, सभा, व्याख्याने हे सर्व सांभाळून त्या माणसाने रोजची एक वेळ या कामासाठी राखून ठेवली. पैशाने याची किंमत शून्य. मात्र रमाबाईंनी १९१० साली प्रसिद्ध केलेल्या आठवणी वाचल्या म्हणजे कळते, की या देणगीचे मोल घरातल्या बायकांची टोचणी आणि अबोला सोसून रमाबाईंनाच चुकवावे लागले. देणाऱ्याचे नाव झाले आणि घेणारीला सोसावे लागले, हे तिथेही काही अंशी आहेच.

दुसरी गोष्ट, आपले नाव, कागदावरचे. पक्षाने आणि आम्ही सर्वांनी स्त्रियांच्या संपत्तीच्या हक्कावर ठराव पुष्कळ केले. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीने वाटा दिला. परंतु नवरा हयात असताना त्याच्या घरात, शेतात पत्नीचे काय, हा प्रश्न तिथेच राहिला. पोटगी मागता येते. ज्या घराला तिने चाळीस वर्षे सारवले ते तिचे होत नाही. शरद जोशींच्या अर्थकारणाशी आपले कधी जमले नाही, आणि मी त्यांच्याविरुद्ध याच प्रकारच्या स्तंभांतून लिहिलेही आहे. तरीही १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी महिलांचे जे अधिवेशन भरले, आणि त्यानंतर लक्ष्मीमुक्तीच्या नावाने गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा तुकडा पत्नीच्या नावे केला, त्या कामाला नमस्कार केला पाहिजे. आमच्या तालुक्याच्या शेजारी हे चालले होते तेव्हा आम्ही त्याला भावनिक आवाहन म्हणून नाके मुरडत होतो. पुढे शासनाने सातबाऱ्यावर पत्नीचे नाव सहधारक म्हणून लावण्याची वाट करून दिली, ग्रामपंचायतीच्या दप्तरात घर दोघांच्या नावे नोंदवण्याचे धोरण घेतले. बक्षीसपत्र करायचे तर पत्नीला दिलेल्या राहत्या घराचे आणि शेतजमिनीचे मुद्रांक शुल्क २०१५ साली अवघ्या २०० रुपयांवर आणले. नोंदणीचा आणि स्थानिक संस्थांचा खर्च येतो तो वेगळा. म्हणजे हे सर्व गरिबाच्या आवाक्यातले होते. आपल्या कार्यकर्त्यांपैकी किती जणांनी ते केले? मी शिबिरांतून हात वर करायला सांगून पाहिले आहे. हात मोजायला वेळ लागत नाही.

माझाही हात त्यांत नव्हता. तीन वर्षांपूर्वी मात्र मी ग्रामपंचायतीत अर्ज दिला. घर वडिलांचे, नमुना आठला एकट्या माझे नाव. तिथल्या माणसाने दोनदा विचारले, "दादा, घरात काही वाद आहे का?" वाद नाही असे सांगितल्यावर त्याला अधिकच संशय आला. मासिक सभेत विषय निघाला, ठराव झाला, नोंद झाली. सर्व मिळून पन्नास रुपयेही लागले नाहीत. नव्या उताऱ्याची प्रत मी पाडव्यापर्यंत दडवून ठेवली आणि सकाळी बाईंच्या हातात दिली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा आपण काहीतरी बिनतोड दिले, असे मला वाटत होते.

बाईंनी चष्मा लावून उतारा वाचला. आपल्या नावातली वेलांटी तपासली. मग म्हणाल्या, "घरपट्टी तीस वर्षं मी भरते आहे. पावती तेवढी तुमच्या नावाची यायची." आणि कागद घडी करून कपाटात ठेवता ठेवता, "ही ओवाळणी नव्हे हो. ही थकबाकी."

मला ते लागले, खोटे कशाला सांगू. दोन दिवस मी मनातल्या मनात उत्तरे जुळवत होतो. परंतु उत्तर नव्हते, कारण म्हणणे सरळ होते. जे तिचे होतेच ते तिला परत करून त्यावर रेशमी फीत बांधता येत नाही. मजुराची थकलेली मजुरी देताना जमीनदार जर म्हणू लागला की ही माझी दिवाळीची भेट, तर आपण मोर्चा काढू. हक्काचे हक्क म्हणून द्यावे, मुकाट्याने द्यावे, शक्य तर उशीर झाला म्हणून चार शब्द बोलावे. भेट ही त्याच्या पुढची गोष्ट. जोवर थकबाकी आहे तोवर कितीही महागाची वस्तू आणा, ती त्या खात्यात जमा होते. माझ्या साडीचे तेच झाले होते.

मग भेट कशी असावी? मला एकदाच थोडेफार जमले आहे ते सांगतो. आमच्या घरात पुस्तकांची सात कपाटे. पक्षाचे ठराव, अधिवेशनांचे अहवाल, साप्ताहिकांच्या बांधलेल्या फायली, लोहियांपासून पुढचे सर्व. घरी येणारा प्रत्येक जण ती पाहून "केवढा संग्रह" म्हणतो. एकदा खाटेखाली काही शोधताना माझा हात बाईंच्या लोखंडी ट्रंकेला लागला. ती उघडी होती. तीत त्यांची पुस्तके होती. कादंबऱ्या, स्त्रियांची आत्मचरित्रे, मुलांसाठीच्या गोष्टींची पुस्तके, शाळेत बक्षीस मिळालेला एक शब्दकोश. छत्तीस वर्षे शिकवणाऱ्या माणसाची पुस्तके खाटेखाली, आणि ज्यांची पाने गेली वीस वर्षे मी उलटली नाहीत ते अहवाल दर्शनी कपाटात! मी कोणाला काही न बोलता खिडकीजवळचे एक कपाट रिकामे केले. काही अहवाल जिल्हा कार्यालयात पोचवले, काही रद्दीत घातले (जुन्या सहकाऱ्यांनी क्षमा करावी), फळ्या पुसल्या आणि ट्रंक त्याच्यासमोर आणून ठेवली. पाडवा नव्हता, वाढदिवस नव्हता, कुठलाच दिवस नव्हता. बाई काही बोलल्या नाहीत. दुपारची झोप न घेता त्या चार तास पुस्तके लावत बसल्या होत्या. दोनदा लावून झाली, मग पुन्हा काढून वेगळ्या क्रमाने लावली. चहा मी केला.

खर्च काही आला नाही. मात्र ती ट्रंक दिसायला मला इतकी वर्षे लागली, हा खर्च कुठे मांडायचा ते मला ठाऊक नाही.

हे सर्व मी त्या दिवशी उंबऱ्यात उभ्या असलेल्या पोराला सांगितले नाही. सांगण्यासारखे ते नव्हतेही, आता लिहिताना त्यामानाने सोपे जाते आहे. मी त्याला एवढेच म्हटले, की बाई काय विचारतात ते ऐकलेस ना. आणि दुसरे, तुझी बायको गेल्या वर्षभरात कोणती गोष्ट एकदा बोलली आणि पुन्हा बोलली नाही, ते आठवून पाहा. तो विचार करत गेला.

दिवाळीनंतर भेटला तेव्हा मीच विचारले. त्याची बायको आणि तिची शाळेपासूनची एक मैत्रीण तीन वर्षांत भेटल्या नव्हत्या. मैत्रीण लग्न होऊन लातूरकडे गेली. मुलगी लहान, ह्याचे दौरे, रजा नाही, असे करता करता राहून गेले होते. एस.टी.त २०२३ च्या मार्चपासून बायकांना अर्धे तिकीट आहे, त्यामुळे त्याच्या पाचशे रुपयांत प्रवासाचा बराचसा भाग निघाला. हे पाचशे रुपये त्याने आपला गुटखा सोडून साठवलेले होते, ही गोष्ट त्याने बाईंना मुद्दाम सांगितली. उरलेल्या पैशांसाठी त्याने एका सभेचे निमंत्रण नाकारून तीन दिवस एका मळ्यात कांदे भरण्याचे काम केले. बायको चार दिवस मैत्रिणीकडे राहून आली, एकटी. मुलगी त्याच्यापाशी होती.

"आणि ह्या चार दिवसांत काय केलंस?" बाईंनी विचारले.

"बाई, पहिल्या दिवशी ती दुपारी झोपलीच नाही. दुसऱ्या दिवशी जिल्ह्याची बैठक होती, मग तिला घेऊनच गेलो. तिनं अध्यक्षांचा चष्मा तोडला."

त्या चष्म्याची भरपाई कोणी करायची, हा विषय जिल्हा शाखेत अद्याप अनिर्णित आहे.